‘ब्रदर्स कारामाझोव’: इव्हानचं पारडं जड

दस्तयेव्हस्कीची ही शेवटची कादंबरी ‘रुस्की व्हेस्तनिक’ मासिकात १८७९-८० मध्ये क्रमशः छापून आली. बारा खंड आणि वर उपसंहार. पुस्तक थोर आहेच. पण लेखकाला जी देवावरची श्रद्धा पटवायची होती, नेमकी तीच पटत नाही.

गोम पाचव्या खंडात आहे. ‘बंड’ आणि ‘ग्रँड इन्क्विझिटर’ ही लागोपाठची दोन प्रकरणं. इव्हान हा कारामाझोव भावांतला मधला, बुद्धिवादी. तो देव नाकारत नाही. निरपराध पोरांच्या हालांच्या बदल्यात मिळणारं विश्वाचं सौख्य त्याला नको, म्हणून तो त्या सौख्याचं आपलं तिकीट अदबीनं परत करतो. त्यावर उतारा म्हणून सहाव्या खंडात झोसिमा या वृद्ध साधूचं चरित्र आणि प्रवचनं येतात. एवढं उत्तर पुरेल का, ही धास्ती खुद्द दस्तयेव्हस्कीनेच पत्रात बोलून दाखवली होती. नाही पुरत. खरं उत्तर, असलंच तर, कथानकात विखुरलेलं आहे: बाप आणि थोरला मुलगा मित्या या दोघांनाही हव्या असलेल्या ग्रुशेंकाची कांद्याची गोष्ट, मित्याच्या स्वप्नातलं रडणारं बाळ, दहाव्या खंडातली शाळकरी पोरं. तिथे इव्हानला कुणी खोडून काढत नाही. दुखणाईत पोराच्या उशाशी कुणीतरी जाऊन बसतं, एवढंच. म्हणून सहावा खंड कंटाळवाणा वाटला तर भराभर चाळा, पण दहावा गाळू नका.

वाचक सहसा नावांपाशी अडखळतो. दमित्री म्हणजेच मित्या, अलेक्सेय म्हणजे धाकटा अल्योशा, आणि अग्राफेना अलेक्सांद्रोव्हना ही ग्रुशेंका. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्याच पाठीमागे रूबलांचा हिशेबही मांडावा, कारण तीन हजारांच्या रकमा दोन आहेत: एक मित्याची वाग्दत्त वधू कातेरिना हिने त्याच्याकडे सोपवलेली, दुसरी बापाने ग्रुशेंकासाठी लिफाफ्यात घालून ठेवलेली. कुणाकडून किती, कधी, कुठे उडाले हे टिपलं नाही, तर नवव्या खंडातली बापाच्या खुनाची चौकशी डोक्यावरून जाते; आणि रहस्यकथा म्हणून पुस्तकातला सर्वात चोख भाग तोच. बाराव्या खंडात मात्र खटल्यातल्या दोन्ही वकिलांची लांबलचक भाषणं ठाऊक असलेलंच पुन्हा उगाळतात. त्यांच्या लांबीमागे न्यायालयी वक्तृत्वाची टिंगल आहे, हे कळतं. तरी दम लागतोच.

बायकांना येणारे उन्मादाचे झटके मोजून थकायला होतं. पोलिश पात्रं निव्वळ विडंबनं आहेत. त्याहून खुपतं ते अकराव्या खंडात: ज्यू लोक मुलांना मारतात हे खरं का, असं लिझा ही किशोरवयीन मुलगी विचारते आणि सत्शील अल्योशा म्हणतो, ‘मला माहीत नाही.’ पोरांच्या यातनांवर उभ्या असलेल्या कादंबरीत हे उत्तर माफ करता येत नाही.

इंग्रजीतून वाचणार असाल तर कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१२ चा अनुवाद सरळ वाहतो, पण सगळ्यांचा आवाज सारखाच करतो. पेव्हियर-व्होलोखोन्स्की यांच्या १९९० च्या अनुवादात निवेदकाचं चाचरणं, शब्द पुन्हा पुन्हा घोळवणं शाबूत आहे. आधी खडबडीत वाटतो. पण हा निवेदक गावातलाच एक अनामिक, थोडा बोलघेवडा माणूस आहे, हे त्यातच नीट कळतं.