काळ्या जमिनीवरचा रफ मॉवर : सगळे ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

नागपूरबाहेर वर्धा रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गोल्फ कोर्सच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही रफसाठी, म्हणजे खेळाच्या मुख्य पट्ट्यांच्या कडेला उंच राखलेल्या गवतासाठी, तीन डेकचा (डेक म्हणजे पाते ज्याखाली फिरते ते झाकण), कापलेले गवत मागच्या बाजूने टाकणारा रोटरी मॉवर (गवत कापायचे यंत्र) घेतला. पावसाळा, हिवाळा आणि मे महिन्यातले 45 अंशांचे ऊन या तिन्हींत तो आता चालून झाला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या कोणत्याही यंत्राला लागू पडतील.

रील की आडवे पाते गरगर फिरवून कापणारा रोटरी, हा प्रश्न रफच्या बाबतीत फार वेळ घेत नाही. रीलची फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी मिळून गवत कात्रीसारखे कापतात, त्यामुळे 12-15 मिमी उंचीच्या फेअरवेवर (खेळाच्या मुख्य पट्ट्यावर) त्याला तोड नाही. आमच्या रफमध्ये मात्र हरळी 50 ते 65 मिमी ठेवलेली असते, तिच्यात लव्हाळा आणि कुंदा डोके वर काढतात, आणि मुरमाचे खडे दरवर्षी कुठून ना कुठून वर येतातच. असा खडा रीलमध्ये सापडला की धार आणि पट्टीची बसवणी दोन्ही नव्याने करावी लागतात. रोटरीचे पाते काढून वर्कशॉपमधल्या ग्राइंडरवर घासले की त्याच दिवशी मशीन पुन्हा कामाला लागते.

खरा विचार करावा लागला तो तीन डेक घ्यावेत की पाच याचा. विक्रेते रुंदीवर भर देतात आणि कागदावर ते बरोबरही असते. 27 इंची पाच डेकचे मशीन एका फेरीत साधारण पावणेतीन मीटर कापते, तर तीन डेकचे 1.7 मीटर. ताशी 8 किलोमीटर वेग धरला तर आमच्या मशीनने तासाला 1.36 हेक्टर व्हायला हवे. कडुनिंब आणि पळसाच्या झाडांभोवतीची वळणे आणि एकमेकांवर येणारे पट्टे वजा जाता प्रत्यक्षात एक हेक्टरच्या आसपास काम होते. पाच डेकच्या मशीनने हे काम बरेच लवकर उरकले असते, पण त्याचे वजन जवळपास दुप्पट असते आणि आमची जमीन काळी, कापसाची आहे.

या जमिनीत पावसाळ्यात काय होते ते विदर्भात शेती पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हरळी सर्वांत जोमाने वाढते आणि नेमक्या त्याच दिवसांत वाफसा येत नाही, म्हणजे जमीन कामाजोगी सुकत नाही. एका कापणीत गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, असा नियम आहे; पण आठवडाभर मशीन शेडमध्ये उभे राहिले की तो मोडल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि मग पिवळे बुडखे उघडे पडतात. म्हणून माझ्या लेखी रफ मॉवरची पहिली कसोटी एकच आहे : पाऊस थांबल्यावर तो किती लवकर आत नेता येतो. रुंद, गुळगुळीत टायरांचे हे हलके मशीन आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या निदान एक दिवस आधी रफमध्ये उतरते. तरीही मागचे एकमेव चाक जागेवर वळवले की चर पडतोच, म्हणून ओल असताना मोठा वळसा घेऊनच फिरायचे, असे आम्ही ठरवले आहे. आमचा ऑपरेटर सकाळी टाचेने जमीन दाबून पाहतो आणि म्हणतो, “साहेब, आज चाक फसन, उद्या पाहू.” हवामानाच्या ॲपपेक्षा मी त्याच्या टाचेवर अधिक विसंबतो.

ओल्या गवताचे गोळे ही मात्र कायमची तक्रार आहे. कोरड्या दिवसांत मागून पडणारा चुरा छान पसरतो. ऑगस्टमध्ये डेकच्या आत हिरवा लगदा चिकटतो, हवेचा झोत कमी होतो आणि दर दहा-पंधरा मीटरवर एक ढेकूळ पडते. दुपारी डेक उचलून लाकडी पट्टीने खरवडणे हाच उपाय आहे, आणि तो करताना इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. तरीही बाजूने गवत फेकणाऱ्या डेकपेक्षा मी हाच डेक पसंत करीन, कारण खेळाडूंच्या दिशेने खडा उडण्याचा धोका यात पुष्कळ कमी आहे.

हिवाळ्यात रात्री गारठल्या की वाढ मंदावते आणि मॉवरला फारसे काम उरत नाही. उन्हाळ्यात त्रास होतो तो धुळीचा आणि वाळलेल्या पाल्याचा. रेडिएटरची जाळी भरली की तापमानाचा काटा वर चढतो, त्यामुळे कापणी पहाटेच सुरू करून मधल्या सुट्टीत हवेच्या दाबाने जाळी आतून बाहेर फुंकावी लागते. जास्त हवा ओढणारी पाती काढून सपाट पाती लावल्यावर धूळ स्पष्ट कमी झाली. विक्रेत्याने ही माहिती आपणहून दिली नव्हती.

बिघाड म्हणावा असा एकच झाला. हायड्रॉलिक होज (दाबाखालचे तेल नेणारी नळी) कपलिंगपाशी, म्हणजे जोडापाशी, झिरपू लागला आणि लक्षात येईपर्यंत तापलेल्या तेलाने सातव्या होलच्या रफमध्ये बोटभर रुंदीची तपकिरी रेघ ओढली. हरळीचे धावते कोंब तिच्यावर पसरायला कित्येक आठवडे लागले. मूळ होज मागवण्यात वेळ गेला असता, म्हणून हिंगणा एमआयडीसीतून त्याच मापाचा, त्याच दाबाचा होज प्रेस करून आणला आणि तो आजतागायत टिकून आहे. पाती, स्पिंडलचे (पाते फिरवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग आणि एक जादा होज जूनच्या आधी शेडमध्ये असावेत, हे आता आमच्या खरेदीच्या यादीत पक्के झाले आहे.

तळ्याच्या काठाचा चढ आणि बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) कडा या मशीनच्या आवाक्याबाहेर आहेत. तिथे अजून खांद्यावरचा ब्रशकटरच चालतो. कुंपणालगतच्या पट्ट्यासाठी ट्रॅक्टरमागचा स्लॅशरही (जाड गवत छाटणारे अवजार) ठेवला आहे. आमच्याच जमिनीसारख्या जमिनीसाठी कोणी मशीन पाहत असेल तर डेमो जानेवारीत घेऊ नये. तेव्हा सगळीच मशीन चांगली चालतात. ऑगस्टमध्ये, सरी थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, सखल भागातल्या रफमध्ये विक्रेत्याला स्वतः मशीन चालवायला सांगावे आणि मागे पडलेल्या चाकोऱ्यांची खोली मोजूनच किमतीची बोलणी सुरू करावीत.