बोटीच्या बॅटरीला सोलर लावून आठ महिने: चिमटे फेकून द्या

दिवाळीनंतर माजलगाव धरणातल्या आमच्या बोटीवर वीस वॅटची सोलर प्लेट आणि बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बसवला. मागच्या महिन्यापर्यंत भेटेल त्याला मी हाच सेट घ्या म्हणून सांगत होतो. आजही सांगतो, पण त्यासोबत येणारे, वायर बॅटरीला जोडायचे चिमटे वापरू नका.

आमचं काम असं आहे. पहाटे तीनला निघायचं, जाळ्यांपर्यंत पंधरा मिनिटं इंजिन, मग बंद. जाळी निघेपर्यंत दोन दिवे आणि मोबाईल बॅटरीवरच चालतात. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो खरा, पण दोन-तीन सेकंदच. बॅटरी उतरवतात ते दिवे. परतीच्या पंधरा मिनिटांत आमचा छोटा अल्टरनेटर तेवढं भरून काढत नाही. बॅटरी अर्धवट उतरलेली पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि मग ती पहिल्यासारखी होत नाही.

आधी दर दहा दिवसांनी बॅटरी काढून गावात चार्जिंगला न्यावी लागायची. उन्हाळ्यात तर पाणी इतकं मागं सरतं की भेगाळलेल्या गाळातून पंधरा किलोचं वजन खांद्यावर घेऊन अर्धा कोस चालावं लागायचं. गोणपाट ठेवलं तरी अ‍ॅसिडनं दोन सदरे खाल्ले. वर चार्जिंगचे पैसे, आणि लाईट गेली की दुसरा हेलपाटा. सोलर लागल्यावर हे सगळं थांबलं. एप्रिल-मेच्या उन्हातही पाणी तपासून डिस्टिल्ड वॉटर टाकण्यापलीकडं काही करावं लागलं नाही. प्लेटवर पाणकावळे बसून घाण करतात, ती रोज पुसतो.

मग जूनमध्ये एका पहाटे, जाळी निम्मी निघालेली, बोटीत कटला आणि रोहू, आणि सेल्फ मारला तर नुसतं कट-कट. वल्ही मारत काठाला यायला नऊ वाजले. व्यापारी निघून गेले होते. मासा पडेल त्या भावात दिला.

बॅटरी चौदा महिन्यांची, गॅरंटीतली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बॅटरी गेली. तुम्ही उतरू दिली, गॅरंटीत बसत नाही." सोलरवाल्याला फोन केला तर तो म्हणे, "हिरवा लाईट लागतोय ना? मग माल चांगलाय." लाईट खरंच हिरवा होता. फुल चार्ज दाखवत होता.

माझं समाधान होईना. बॅटरी परत बोटीवर नेऊन जोडली आणि भर उन्हात मल्टिमीटर लावला. कंट्रोलरवर १४.३ व्होल्ट. बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर १२. वायर तीच, वेळ तीच, आणि मधे दोन व्होल्ट गायब. चिमटा उघडला तर दातांखाली पांढरी-हिरवी भुकटी. तांब्याचा म्हणून दिलेला चिमटा आतून लोखंडी, वर नुसता मुलामा. अ‍ॅसिडच्या वाफेनं तो खाल्ला होता. त्यातून करंट पुढं जाईना, कंट्रोलरला आपल्या टोकाचे १४.३ दिसत होते, म्हणून त्यानं बॅटरी भरली समजून चार्जिंग आवळलं. बॅटरी उपाशी आणि लाईट हिरवा. मुलामा दिलेला दहा रुपयांचा चिमटा देणाऱ्याला पहाटेच्या अंधारात धरणाच्या मधोमध बंद पडणं म्हणजे काय, हे कळायला हवं.

दुसऱ्या दुकानात रात्रभर चार्ज करून घेतली. सकाळी अ‍ॅसिडची घनता मोजायच्या हायड्रोमीटरनं सहाही खाने १.२६, म्हणजे भरलेले दाखवत होते. म्हणजे बॅटरी जिवंत होती, आणि मला नवी घ्यायला सांगितलं होतं!

आता चिमटे कापून वायरीच्या टोकांना रिंगवाले लग (धातूच्या कड्या) दाबून घेतलेत आणि ते टर्मिनलच्या बोल्टखाली नटानं कसलेत. आधी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुतले, कसल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. पॉझिटिव्ह वायरीत बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूजही टाकला, तोही सेटमध्ये नव्हता. खर्च शंभराच्या आत. दर आठवड्याला मीटर आधी कंट्रोलरवर आणि मग थेट खुंटीवर लावतो. आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. पहाटे इंजिन लावण्याआधी बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली मिळाली की निघतो, १२.२, म्हणजे निम्मी दिसली की त्या दिवशी एकच दिवा.

सध्या आभाळ भरलेलं असतं, प्लेट फारसं काही देत नाही. बोट काठाला बांधलीय, दिव्यांच्या वायरी सोडवून ठेवल्यात. काल मोजली, १२.६ होती.