बोगनवेल: गच्चीवरच्या अकरा महिन्यांनंतर

मागच्या ऑगस्टमध्ये राणी रंगाची बोगनवेल आणली. नागपुरात मनीषनगरातली आमची गच्ची पश्चिमेची, दुपारी सावलीचं नाव नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तिथे एक मोगरा तेवढा जगतो.

पहिले तीन महिने वाया गेले. नर्सरीत 'रोज पाणी द्या' म्हणून सांगितलं होतं. काळ्या मातीत शेणखत कालवून मी ते नेमानं दिलं. वेल सरसर वाढली, फूल मात्र एकही नाही. दसऱ्याला खालची पानं पिवळी पडायला लागली. शेजारच्या काकांनी मातीत बोट खुपसलं अन् म्हणाले, "रोज पाणी कायले देऊन राहिले? त्याले तहान लागू द्या ना."

काकांचं खरं होतं. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ मध्ये रिओजवळ फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्साँला ती दिसली आणि त्याच्या मोहिमेचा प्रमुख बूगँव्हिल याचं नाव तिला मिळालं. कोरडा काळ सोसून मग फुलायचं, हा तिचा स्वभावच आहे. सततची ओल आणि नत्राचं खत मिळालं की ती नुसती पानं काढते.

नोव्हेंबरात कुंडी बदलली: अर्धा मुरूम, थोडी वाळू, उरलेली माती. मुळांचा गोळा अजिबात फोडू नका, मुळं फार नाजूक असतात. माझ्याकडून एका बाजूची तुटली आणि दोन फांद्या वाळल्या. त्यानंतर माती दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही.

जानेवारीअखेर वेल लगडली. जवळून बघा, आपण ज्याला फूल म्हणतो त्या तीन रंगीत पाकळ्या म्हणजे खरं तर पानंच. खरं फूल आत असतं, बारीक पांढरी नळी, प्रत्येक पानाला चिकटलेली एकेक. वाळल्यावर ती पानं पतंगाच्या कागदासारखी होतात, शिरा न् शिरा दिसते.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात होता. मोगऱ्याला दोन वेळा पाणी लागायचं, हिला दिवसाआड पुरलं, आणि रंग तसाच. त्या उन्हात गच्चीवर जाऊन मी ते रोज बघत होतो.

त्रासही आहे. काटे जबर, जाड हातमोज्यांशिवाय छाटणी करू नका. दोरीवरच्या दोन साड्या फाटल्या. जूनच्या पहिल्या पावसात गळलेल्या पाकळ्यांनी गच्चीचा पाइप तुंबला आणि जिन्यात पाणी आलं. आता रोज झाडतो.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी पाऊस ओसरल्यावर करणार आहे. तोवर कुंडी तीन विटांवर ठेवली आहे, तळाशी पाणी साचू नये म्हणून.