2009 ची पिकअप, आंबा घाट आणि तापणारं इंजिन : आठ महिने वापरून झाल्यावर लिहितोय

गाडी 2009 ची डिझेल पिकअप, माझ्याकडे 2016 पासून आहे. सीझनला रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा, बाकी वर्षभर चिरा, खत, कधी गवताचे भारे, जे भाडं मिळेल ते. एप्रिलअखेरीस कूलिंगचं सगळं काम पूर्ण केलं आणि आता डिसेंबर आलाय, म्हणजे मे चा उन्हाळा, पूर्ण पावसाळा, गणपती-दिवाळीची धावपळ सगळं बघून झालं, म्हणून आता खात्रीने लिहू शकतो. आधी लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं, कारण याआधी दोनदा मला वाटलं होतं की गाडी बरी झाली आणि दोन्ही वेळा घाटाने खोटं ठरवलं.

त्रास असा होता. हातखंबा, पाली, साखरपा इथपर्यंत गाडी साठ पेट्या घेऊन मस्त जायची, तापमानाचा काटा मधोमध. आंबा घाट सुरू झाला की दुसऱ्या गिअरवर चार-पाच वळणं झाली की काटा चढायला लागायचा आणि अर्ध्यावर लालला टेकायचा. मग बाजूला घ्या, बोनेट उघडा, अर्धा तास थांबा. मागे हौद्यात हापूस तापतोय आणि कोल्हापुरात व्यापारी फोनवर फोन करतोय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला. आपल्याकडे हा उपाय सगळीकडे करतात आणि तो चुकीचा आहे हे मी अनुभवाने सांगतो. थर्मोस्टॅट साधारण 82 डिग्रीला उघडायला लागतो, तोपर्यंत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून पाणी आतच फिरवतो. काढला की थंडीत गाडी तापमानालाच येत नाही, माझं ॲव्हरेज 13 वरून 11 वर आलं. आणि माझ्या इंजिनात थर्मोस्टॅटला खाली एक चकती असते, तो पूर्ण उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नाही म्हटल्यावर ती वाट कायम उघडी, मग गरम पाण्यातलं थोडं पाणी रेडिएटरला (पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीला) न जाताच परत इंजिनात. म्हणजे घाटात फायदा तर नाहीच, उलट तोटा.

दुसऱ्याने रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्यायला लावलं. ते काम गरजेचं होतं हे मान्य, कारण आधी हायवेला 80 च्या वर पण काटा जरा हलायचा, तो हलायचा थांबला. पण घाट जैसे थे. तिसऱ्याने सरळ सांगितलं, हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, अठरा-वीस हजार धरून चाला. तेव्हा मात्र मी थांबलो आणि घरी बसून नीट विचार केला की गाडी नक्की कधी तापते.

सपाटीला 70 च्या स्पीडला तापत नाही, घाटात 15-20 ला तापते. जोरात जाताना समोरचा वारा आपोआप जाळीतून घुसतो, हळू चढताना मात्र सगळी हवा पंख्यानेच ओढायची असते. वेगात तापत असेल तर पाण्याच्या वाटेत अडथळा शोधा, हळू चढताना किंवा ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या तापत असेल तर आधी हवेकडे बघा. ही एक गोष्ट मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे दोन सीझन वाचले असते.

माझ्या गाडीला व्हिस्कस फॅन आहे. आत सिलिकॉनचं ऑईल असतं, पुढे बायमेटलची छोटी गुंडाळी असते, रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती गुंडाळी आतला वॉल (व्हॉल्व्ह) उघडते आणि पंखा घट्ट पकडून फिरायला लागतो. घाटातून आल्या आल्या इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात ठेवली आणि पंख्याला हाताने झटका दिला, तर सायकलचं चाक फिरावं तसा सहा-सात फेऱ्या फिरला. चांगला असता तर गरम असताना जड लागला असता, जेमतेम एखादी फेरी. मधल्या डब्यावर काळपट चिकट ओघळ पण होते, ऑईल केव्हाच गळून गेलं होतं. इतकी वर्षं तीन जणांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, कोणी पंख्याला हात लावला नाही.

दुसरी चूक रेडिएटरच्या झाकणाची. सकाळी बोनेट उघडलं की वरचा होज (रबरी पाईप) चेपलेला दिसायचा, मला वाटायचं होज जुना झाला. खरं कारण म्हणजे गार होताना पाणी आकसतं आणि झाकणातल्या छोट्या वॉलमधून रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत आत यायला हवं, तो वॉल अडकला होता, म्हणून आत ओढ बसून होज चपटा. वरची स्प्रिंग पण ढिली. माझ्या झाकणावर 0.9 (बार, दाबाचं माप) लिहिलेलं असतं, तेवढा दाब धरला तर साधं पाणी सुद्धा 118 च्या आसपास उकळतं, दाब धरला नाही तर 100 लाच, आणि घाटमाथ्याला त्याहून दोन डिग्री आधीच. अडीचशे रुपयाची वस्तू आहे हो!

गॅसकेटची शंका पण घरीच फेडली. गार इंजिनवर झाकण उघडून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडाकडे बघत बसलो, सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडले तर पाणी शांत, गॅसकेट गेलं असतं तर बुडबुडे येतच राहिले असते. डिपस्टिकचं ऑईल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हेड उतरवायची गरजच नव्हती.

मग व्हिस्कस नवीन, झाकण नवीन, थर्मोस्टॅट परत बसवला, दोन्ही होज बदलले. जुनं पाणी सोडलं तर दूध न घातलेल्या चहासारखं, आणि बादलीच्या तळाला गंजाचा गाळ. वर्षानुवर्षं विहिरीचं नाहीतर घाटातल्या झऱ्याचं पाणी ओतत होतो त्याचं ते फळ. तीन वेळा धुतलं, मग निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. लोक म्हणतात कोकणात बर्फ पडत नाही, कूलंट कशाला. अहो ते गंजासाठी आणि उकळीसाठी लागतं. भरताना गाडीचं तोंड चढाला केलं, हीटर फुल गरमवर, झाकण उघडं ठेवून वीस मिनिटं चालू ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा अडकून राहिली तर सगळी मेहनत वाया.

मे मध्ये अकरा ट्रिपा मारल्या, भर दुपारी सुद्धा, एकदाही थांबलो नाही. तिसऱ्या वळणानंतर पंखा घोंऽऽ आवाज करतो, पहिल्यांदा शेजारी बसलेला पुतण्या घाबरला, मी म्हटलं अरे हाच आवाज दोन वर्षं ऐकायचा राहिला होता. ॲव्हरेज परत 13 च्या जवळ. पावसाळ्यात चिखलाने जाळी भरते, ती महिन्यातून एकदा आतून बाहेर हलक्या पाण्याने धुतो, जोराच्या प्रेशरने पाती वाकतात.

याच पुतण्याचा हात गेल्या वर्षी घाटात भाजला होता. फडकं धरून गरम झाकण फिरवलं आणि वाफ कोपरापर्यंत आली, पंधरा दिवस पट्टी होती. गाडी तापली तर झाकणाला हात लावू नका, वरचा होज हाताने दाबता येईपर्यंत थांबा, माल गेला तरी चालेल. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आता एकच काम बाकी आहे. वॉटर पंपाच्या खाली जे बारीक भोक असतं तिथे गेल्या आठवड्यापासून हिरवट ओल दिसतेय, म्हणजे आतलं सील सुटायला लागलंय. पंप मागवलाय, पुढच्या सीझनची पहिली पेटी हौद्यात चढायच्या आत बसवणार.