प्रिंटरवर लक्ष ठेवायला मॉनिटरिंग सिस्टिम की स्वतःची स्क्रिप्ट?

दोन्ही वापरून झालंय. आधी बरेच दिवस एसएनएमपीवर (नेटवर्कवरून उपकरणांची स्थिती विचारायची पद्धत) चालणारी मॉनिटरिंग सिस्टिम एकटीच होती. नंतर प्रिंट सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी चालणारी पॉवरशेल (विंडोजची कमांड-भाषा) स्क्रिप्ट लिहिली.

टोनर, कागद, उघडं राहिलेलं झाकण यासाठी मॉनिटरिंगच बरं. हे सगळं स्क्रिप्टमध्ये लिहायला बसू नका, संपणार नाही. फक्त टोनरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. प्रिंटर-एमआयबीत, म्हणजे प्रिंटरने एसएनएमपीवर काय आणि कसं कळवायचं त्या ठरलेल्या यादीत, -3 म्हणजे 'थोडा शिल्लक आहे, किती ते सांगता येत नाही'. आमच्या एका जुन्या मशीनने तोच पाठवला, माझ्या सूत्राने त्याचे उणे तीन टक्के केले आणि रात्री दोनला फोन वाजला. चूक माझीच.

माझं मत फिरलं ते मात्र दुसऱ्याच कटकटीने. पडद्यावर सगळं हिरवं आणि प्रिंटरपुढे माणसं ताटकळलेली. प्रिंटर खरंच ठणठणीत असतो; अडलेली असते सर्व्हरवरची क्यू, म्हणजे छापायच्या जॉबची रांग, आणि ही सिस्टिम विचारपूस करते प्रिंटरची. 'तुमच्याकडे तर ओके दिसतंय ना?' हे किती वेळा ऐकलं असेल! विंडोज सर्व्हिसेसमधला रिकव्हरी टॅबही इथे उपयोगी पडत नाही. स्पूलर (ही क्यू सांभाळणारी सर्व्हिस) कोसळला तर हा टॅब त्याला उठवतो, पण नुसताच अडकून बसला तर सर्व्हिस 'रनिंग'च दिसते.

स्क्रिप्ट थेट क्यूत डोकावते. जॉब दहा मिनिटांहून जुना आणि छापलेल्या पानांचा आकडा दोन फेऱ्यांत हललेला नाही, तर तेवढाच जॉब काढते. तो 'डिलीटिंग'वर लटकला तरच स्पूलर थांबवून त्या जॉबची एसपीएल-एसएचडी जोडी (छापायचा मजकूर आणि जॉबची माहिती ठेवणाऱ्या दोन फाइली) उडवते आणि स्पूलर पुन्हा चालू करते. पहिल्या आवृत्तीत मी अख्खं स्पूल फोल्डर साफ करत होतो. त्यात पगारपत्रकांचा गठ्ठा गेला, आणि अकाउंट्सवाले अजून त्यावरून टोमणे मारतात.

मॉनिटरिंगमधूनही एजंटकरवी (सर्व्हरवर बसवलेला तिचा छोटा प्रोग्राम) कमांड चालवता येते म्हणा. झॅबिक्ससारख्या मॉनिटरिंग सिस्टिममध्ये ती सोय मुद्दाम उघडावी लागते. पण उघडून चालवणार काय? अशीच एखादी स्क्रिप्ट.

स्क्रिप्टची खोट एकच, लिहिणारा रजेवर गेला की तिला वाली नाही. तुमच्याकडे प्रिंटर खूप आणि क्यू क्वचितच अडत असेल, तर कदाचित तुमचं गणित वेगळं येईल. मी मात्र आज नव्याने सुरुवात केली तर आधी स्क्रिप्टच लिहीन. फक्त जॉब काढण्याआधी तिला प्रिंटरची स्थिती एकदा तपासायला लावा. कागद संपला असेल तर जॉब अडकलेला नसतो, कागदाची वाट बघत असतो.