हनुवटीचं लेझर, १६ महिन्यांनंतर: कार्डावर जूल लिहून घ्या

लेझरने चेहऱ्यावरचे केस काढायचं सहावं सिटिंग झालं त्या दिवशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, आता मेंटेनन्स पॅकेज घ्यावं लागेल. ९ हजार." मी कल्ल्यांच्या खाली बोट ठेवून तिला विचारलं, मार्चमध्ये इथे नुसती लव होती, हे काळे केस कुठून आले? "तुमची बॉडीच तशी आहे, मॅम." २१ हजार भरून हे ऐकायला मिळालं. त्या रागात हा अनुभव लिहायला घेतला होता. त्यानंतर १० महिने गेले आणि माझं मत दोनदा बदललं. जिथे बदललं तिथे तसं लिहिते.

माझं वय ३४, रंग सावळा, पाळी ४० ते ५० दिवसांनी येते. हनुवटीवर जाड केस यायला लागले तेव्हा २२ वर्षांची होते. दर आठवड्याला थ्रेडिंगचे ५० रुपये धरले तर ११ वर्षांचे २८ हजार ६०० होतात, म्हणून २१ हजार मला परवडणारे वाटले. खरं कारण मात्र वेगळं होतं. मी पहिलीला शिकवते. वही दाखवायला आलेल्या एका मुलीने माझ्या हनुवटीला हात लावून विचारलं, "बाई, तुम्हाला पण दाढी येते?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन पैसे भरले. आधी रक्त तपासून घ्या असं मला कोणी सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही.

पहिली दोन सिटिंग खरंच चांगली झाली. थ्रेडिंग बंद करायला सांगितलं होतं, कारण लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतं आणि दोऱ्याने मूळच उपटलं तर त्याला पकडायला काही उरत नाही. मधल्या काळात रेझर चालतो. आईचा जीव वरखाली होत होता, "अगं, राठ होतील!" तसं होत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला टोचतो, एवढंच. एप्रिलअखेर हनुवटीवरचे निम्मे केस गेले होते. तेव्हा हे लिहिलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हणाले असते.

मेमधल्या तिसऱ्या सिटिंगला भाजलं. हनुवटीखाली चार-पाच काळपट डाग पडले, मी तक्रार केली, मलम मिळालं. जूनअखेर गेले तर मशीनवर नवीन मुलगी होती. त्यानंतरची तिन्ही सिटिंग इतकी सौम्य झाली की मला बरंच वाटलं. सप्टेंबरपर्यंत गालांच्या कडेला काळे केस उभे राहिले होते.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "कार्ड आणलंय का? कोणतं मशीन, किती जूल?" जूल म्हणजे लेझरच्या ऊर्जेचं माप. माझ्या कार्डावर सहा तारखा आणि सहा टिकमार्क. बाकी कोरं. रक्तदाबाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात, चष्म्याच्या चिठ्ठीवर नंबर असतो, आणि चेहऱ्यावर किती ताकदीचं लेझर मारलं याची माझ्याकडे एका आकड्याचीही नोंद नव्हती. मशीन, तरंगलांबी, स्पॉटचा (एका वेळी प्रकाश पडतो त्या ठिपक्याचा) आकार, दर चौरस सेंटिमीटरला जूल, पल्स म्हणजे एक झोत किती मिलिसेकंदांचा, एवढ्या पाच गोष्टी एका ओळीत बसतात.

मी अर्ज लिहिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत असं आहे. अर्जात ते वाक्य घातलं, पोचपावतीवर सही घेतली. तरी ९ दिवस आणि चार फोन लागले. शेवटी मशीनमधल्या नोंदीची झेरॉक्स मिळाली: डायोड प्रकारचं लेझर, तरंगलांबी ८१० नॅनोमीटर. पहिली तीन सिटिंग १६ जूल, पुढची तिन्ही ९ जूल.

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. मेमध्ये मी भाजले त्याला माझंही कारण होतं. लग्नसराईत भर उन्हात फिरले होते आणि त्वचा रापलेली असताना तशीच सिटिंगला जाऊन बसले. केसाइतकंच रापलेल्या त्वचेनेही लेझर शोषलं. त्यानंतर त्यांनी जूल कमी केले ते मला इजा होऊ नये म्हणूनच, हे मी मान्य करते. पण मला सांगायला हवं होतं! डॉक्टर म्हणाले की अपुऱ्या उष्णतेने केसाचं मूळ जळत नाही, उलट आजूबाजूची लव जाड होऊ शकते. हे चेहऱ्यावर आणि मानेवर, सावळ्या त्वचेच्या आणि हॉर्मोन बिघडलेल्या बायकांत जास्त दिसतं. मी तिन्हीत बसत होते. "आता ९ जूलवर आहोत, थोडे दिवस थांबू" एवढं कोणी बोललं असतं तर मी थांबले असते.

मग रक्ताची तपासणी, ४ हजार २०० रुपये. पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन), एसएचबीजी, डीएचईएएस (ॲड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन), १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, आणि सोबत सोनोग्राफी. टेस्टोस्टेरॉनचा आकडा नॉर्मल आला आणि मी हताश झाले, वाटलं काउंटरवरची मुलगी खरं बोलली, माझं शरीरच तसं. डॉक्टरांनी बोट ठेवलं एसएचबीजीवर, तो बराच कमी होता. हे यकृतात बनणारं प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. रक्तात इन्सुलिन जास्त असलं की ते कमी बनतं, आणि मोकळं सुटलेलं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळाशी पोचून लवेचा जाड केस करतं. माझी उपाशीपोटीची साखर काठावर होती. लांबणारी पाळी आणि हे केस पाहून निदान झालं, पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी जोडलेला हॉर्मोनचा बिघाड. अशा केसांमागे बहुतेक वेळा हेच असतं. १७-ओएच मात्र ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष नाही ना, हे बघायला करतात. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा व्हायला लागला तर लेझरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, क्वचित गाठही असते.

डिसेंबरपासून पाळीची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं. हे मूळचं लघवी वाढवणारं, रक्तदाबाचं औषध, पण ते केसाच्या मुळाशी टेस्टोस्टेरॉनला अडवतं. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते घेत नाहीत, म्हणून सोबत पाळीची गोळी, तिने गर्भही राहत नाही. फेब्रुवारीत मी वहीत लिहिलं होतं, "गोळ्यांचा काही उपयोग नाही, पैसे वाया." ते आता खोडते. केसाचं चक्रच संथ असतं, सहा महिने द्यावेच लागतात. मेअखेर फरक हाताला कळला. नवा केस बारीक येतो आणि उशिरा येतो. गोळ्यांनी जुना जाड केस गळत नाही, त्याला लेझरच लागतं, आणि गोळ्या नसत्या तर लेझरने काढलेल्याच्या शेजारी नवे जाड होत राहिले असते. हे दोन्ही एकत्र चालवावं लागतं हे मला १२ वर्षांनी कळलं.

जानेवारी ते जून पाच सिटिंग झाली, आता एनडी याग नावाचं लेझर, १०६४ नॅनोमीटर. ही तरंगलांबी त्वचेच्या रंगात कमी अडकते, म्हणून सावळ्या रंगाला जास्त सुरक्षित. दुखतं मात्र डायोडपेक्षा जास्त, ओठाच्या कोपऱ्याशी डोळ्यांत पाणी येतं. एका सिटिंगचे २ हजार ५००. महाग आहे, पण प्रत्येक वेळी डॉक्टर स्वतः कार्ड भरतात. शेवटची ओळ: १०६४, १२ मिमी, ३० जूल, ३० मिलिसेकंद. हे माझ्या त्वचेचे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील.

हनुवटीवर सहा-सात पांढरे केसही होते. पांढऱ्यात रंगच नाही, त्यामुळे लेझरला तो दिसत नाही. ते इलेक्ट्रोलिसिसने काढले, सुई मुळाशी घालून वीज सोडतात, एकेक केस. ही पद्धत १८७५ मध्ये सेंट लुइसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात वळणाऱ्या पापण्यांसाठी शोधली. अमेरिकेचं एफडीए (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) आजही 'कायमचे काढणे' हे शब्द इलेक्ट्रोलिसिसलाच लावू देतं, लेझरसाठी 'कायमची घट' एवढंच. माझ्या पहिल्या पावतीवर 'परमनंट रिमूव्हल' छापलेलं आहे. १५ मिनिटांचे ८०० रुपये दिले, दोनदा गेले. त्यातले दोन केस परत आलेत, बाकीचे अजून तरी नाहीत.

आज हनुवटीला रेझर १० दिवसांतून एकदा लागतो, पूर्वी रोज सकाळी खिडकीत आरसा धरून चिमटा घेऊन बसायचे. उजव्या गालाच्या कडेचे केस अजून गेलेले नाहीत, मोजले तर पंधराएक आहेत. ऑगस्टमध्ये पुढचं सिटिंग आणि एसएचबीजी परत. कार्ड पर्समध्ये आधार कार्डाच्या कप्प्यात ठेवते, आणि मशीन सुरू होण्याआधी आजचे जूल किती ते विचारते.