पीएम विश्वकर्मा (शिंपीकाम) : अकरा महिन्यांनंतरचा माझा अनुभव

माझं माहेर भालकीचं. जिल्हा बिदर, राज्य कर्नाटक. घरात मराठीच, पण कागदपत्रं सगळी कन्नडमध्ये. लग्नाआधी नऊ वर्षं मी तिथे ब्लाऊज शिवत होते. उदगीरला नांदायला आले तेव्हा हातात कला होती, ओळखीची बाई एक नव्हती. नव्या शिंपिणीला कुणी मापाचा ब्लाऊज देत नाही.

म्हणून मी पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घालायचं ठरवलं. हाताने काम करणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षण, अवजारं आणि कर्ज देणारी ही केंद्र सरकारची योजना. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. माझी नोंदणी अडली रेशनकार्डावर. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला कन्नडमध्ये. टेबलावरचे साहेब म्हणाले, "हे वाचता येत नाही, मराठीत करून आणा." त्यात सव्वादोन महिने गेले. परराज्यातून आलेल्या बाईने हे काम आधी उरकावं, आधारवरच्या नावासकट.

प्रशिक्षण सहा दिवसांचं, रोजचे ५०० रुपये. पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवणं आणि बॉबिन भरणं. मी गुमान केलं. तिसऱ्या दिवशी कटोरी ब्लाऊजचं कटिंग निघालं, तेव्हा मॅडमनी खडू माझ्या हातात दिला, "ताई, तुम्हीच दाखवा." पाटे आखले, टक्स कुठे घ्यायचे ते दाखवलं, सगळ्या जणी टेबलाभोवती गोळा झाल्या. उदगीरला आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला कारागीर म्हणून पाहिलं. माझ्यासाठी नवं काय होतं, तर दर काढणं. दोरा, अस्तर, वीज मी कधी हिशोबात धरलंच नव्हतं.

अवजारांसाठी योजनेतून मिळालेल्या १५,००० रुपयांच्या व्हाउचरवर मोटारचं शिलाई मशीन आलं, अजून तक्रार नाही. कर्ज १ लाख, ५ टक्के व्याज, विनातारण, १८ महिन्यांत फेडायचं. बँकेत तरीही जामीनदार मागितला. तिसऱ्या फेरीत योजनेचा कागद पुढे ठेवला तेव्हा ऐकलं. त्यातून साडीची कड शिवायचं पिको मशीन आणि कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून कडा बांधणारं जुनं ओव्हरलॉक मशीन घेतलं.

हप्ता पावणेसहा हजारांच्या आसपास. लग्नसराईत महिन्याला चौदा हजारांपर्यंत आले, तेव्हा काही वाटलं नाही. आषाढ लागला आणि काम मंदावलं. आपल्याकडे बाया म्हणतात, "सोयाबीन विकलं की देते बाई." त्या बुडवत नाहीत, दिवाळीनंतर आणून देतात. पण हप्ता तर महिन्याच्या महिन्याला. भादव्यातला हप्ता मी कानातलं गहाण ठेवून भरला. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकीने तीन हप्ते लग्नसराईतच बाजूला काढून ठेवावेत.

आमच्या तुकडीत २६ जणी होत्या. आज रोज मशीनवर बसणाऱ्या माझ्या माहितीतल्या नऊ. बाकीच्यांना शिवता येतं, गिऱ्हाईक नाही. भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून माझ्याकडेही कुणी आलेलं नाही. कामं आली ती बचत गटात नाव घातल्यावर. शाळेच्या गणवेशाची शिलाईही तिथूनच मिळाली. वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. कसलेल्या हाताला दोरा ओवायला शिकवण्यापेक्षा एक दिवस गटांच्या बायांशी, दुकानदारांशी गाठ घालून दिली असती तर माझे चार महिने वाचले असते.

आमच्या गल्लीत निजामाबादची सून आली आहे. आरी वर्क असं करते की बघत राहावं. १८ व्यवसायांत भरतकाम नाही, पण तिला शिवणही येतं, म्हणून शिंपीकामातच नाव घालायचं ठरवलंय. तिचा दाखला तेलुगूत आहे. सोमवारी तिच्यासोबत तहसीलला मीच जाणार आहे.